बटणाशिवाय बारा सूर

शिवाजी पेठ, कोल्हापूर
८ जुलै २०२५

श्री. नृसिंह यांस,

आधीच सांगते, घरात कुणी गेलेलं नाही. जाण्यासारखं माणूस आता मीच एक उरले आहे, आणि मी तर लिहिते आहे.

नऊ वर्षांपूर्वी पंचगंगेच्या घाटावर तू म्हणालास की आजपासून मला बहीण नाही. तेव्हा हे पत्र बहिणीचं समजू नकोस, गिऱ्हाइकाचं समज. तुझा म्हैसूरचा पत्ता मिरजेच्या एका वाद्यवाल्याने दिला. तो म्हणाला, "माउथ ऑर्गनच्या पत्त्या घासून सुरात आणणारा असा माणूस दुसरा न्हाय. पण पावणं फोन उचलत न्हाईत, पत्रच टाका." मी तुझी कोण हे त्याला सांगितलं नाही.

काम असं आहे. माझ्याकडे मोहित नावाचा एक मुलगा माउथ ऑर्गन, आपला बाजा, शिकतो. एमआयडीसीत यंत्रात त्याचा उजवा हात सापडला. अंगठा आणि पहिलं बोट कामातून गेलं. क्रोमॅटिक बाजाच्या उजव्या कडेचं बटण त्याला दाबता येत नाही, आणि बटण नाही म्हणजे अर्धे सूर नाहीत. उलटा धरून डाव्या हाताने बटण दाबायचा प्रयत्न झाला. पण खर्ज उजवीकडे गेला की इतक्या वर्षांची सवय आडवी येते.

मी असं ऐकलं आहे की आतल्या प्लास्टिकच्या पापण्या काढून टाकलेला क्रोमॅटिक मिळतो. (आप्पा व्हॉल्वना पापण्या म्हणायचे म्हणून माझ्याही तोंडात तोच शब्द आहे.) पापण्या नसल्या की एका भोकातल्या दोन्ही पत्त्या एकमेकींवर ओढ घेतात आणि सूर तोंडाने खाली वाकवता येतो, म्हणजे अर्धे सूर बटणाशिवाय काढता येतात. हे खरं आहे का? खरं असेल तर कुठला बाजा घ्यावा, आणि ट्युनिंग नेहमीचंच ठेवावं की दुसरं?

अक्षर वाईट आलं आहे. पेन नीट चालत नाही. उत्तर कामापुरतं दिलंस तरी चालेल.

लीला


२८ जुलै २०२५

नृसिंह,

उत्तर मिळालं. पाकिटावर पत्ता टाइप केलेला आणि आत 'लीलाताई' असा मायना. आयुष्यभर अक्का म्हणत होतास. असू दे, गिऱ्हाईक व्हायचं मीच ठरवलं होतं.

तू लिहितोस की नेहमीच्या ट्युनिंगमधल्या पापण्या नुसत्या काढून भागणार नाही. रे वाकवून कोमल रे निघेल, ध वाकवून कोमल ध. पण ग फुंकरीचा आणि म ओढीचा, म्हणजे श्वास आत घेऊन वाजणारा, दोघांत अंतर मुळातच अर्ध्या सुराचं, तिथे वाकवायला जागाच नाही. म्हणजे कोमल ग, तीव्र म आणि कोमल नि हे तीन बटणाशिवाय येणारच नाहीत. हे वाचलं आणि हायसं वाटलं. मोहित त्याच कोमल गंधारापाशी महिनाभर अडून बसला होता आणि मला वाटत होतं फुंकण्यात खोट आहे.

तू दोन वाटा सांगितल्यास. एक, ते डिमिनिश्ड ट्युनिंग. प्रत्येक भोकात फुंकर आणि ओढ यांच्यात पुऱ्या सुराचं अंतर, त्यामुळे ओढीचा प्रत्येक सूर वाकतो आणि मधला अर्धा सूर देतो. बाराच्या बारा सूर मिळतात, हात लागत नाही. पण जुनी सगळी सवय पुसून पाटी कोरी करावी लागते, दोन वर्षं तरी धरून चालावं. दुसरी वाट सोपी. नेहमीच्या बाजातले ग आणि नि घासून खाली उतरवायचे, म्हणजे एका थाटापुरता बाजा लगेच तयार. बाकीचं मात्र कायमचं बंद.

मोहितला बारा सूर हवे आहेत. तो विशीतला आहे. दोन वर्षं म्हणजे त्याला काय. बिनपापण्यांचा, डिमिनिश्ड, असाच करून पाठव.

शेवटी तू विचारलंस की विद्यार्थ्याचा दम कसा आहे, कारण पापण्या नसल्या की बरीच हवा दुसऱ्या पत्तीतून निसटते, छाती भक्कम लागते. दम चांगला आहे. त्याची काळजी नको.

तुझं पत्र क्रांतीने वर आणून दिलं. क्रांती म्हणजे खालच्या मजल्यावरची भाडेकरू, ब्लाउज शिवते. माझ्या हातात पत्र देऊन तिथेच उभी राहिली. "म्हैसूरला कोण हाय ताई तुमचं?" मी म्हटलं, बाजा दुरुस्त करणारा. तर म्हणाली, "बाजावाल्याचं पत्र वाचून कोण रडतंय व्हय?"

तिला म्हटलं, कांदा चिरत होते. स्वयंपाक गेले कित्येक दिवस तीच करते, हे माझ्या लक्षात राहिलं नाही.

लीला


७ सप्टेंबर २०२५

नृसिंह,

बाजा आला. मी तो दोन दिवस नुसता बघत होते. पत्त्यांच्या कडा तू इतक्या जवळ आणल्या आहेस की उजेडाला धरलं तरी फट दिसत नाही. हवा कमी निसटावी म्हणून केलंस, हे न सांगता कळलं. अनोळखी पोरासाठी माणूस इतकं करत नाही, पण तू कामात कधी हात आखडता घेतला नाहीस.

वाजवून बघितला. आधी सगळं चुकीचं आलं. सा नंतर रे बरोबर येतो, मग पुढच्या भोकात ग हवा तिथे कोमल ग उभा. घरात शिरावं आणि भिंती सरकलेल्या असाव्यात तसं झालं. मग तू लिहिल्याप्रमाणे ओढीचा सूर धरला, जीभ मागे घेतली, जबडा सैल सोडला. सूर हळूच खाली बसला. बटणाने असा येत नाही. बटणाने टक्कन येतो. हा घसरत घसरत आला, आप्पा गळ्यातून म वरून ग वर यायचे तसा.

हे सगळं मोहितने केलं असं समज. शिकवायचं म्हणून आधी मीही फुंकून बघितला.

काल अनंत चतुर्दशी झाली. मिरवणुकीचा दणदणाट आज सकाळपर्यंत चालू होता, खिडकीची तावदानं अजून थरथरल्यासारखी वाटतात. तालमीच्या मांडवात आपण तिघं वाजवायचो ते आठवलं. आप्पा मध्ये, शाळेतला कोट घालून. विज्ञानाचा मास्तर बाजा वाजवतो म्हणून पोरं हसायची आणि मग गप्प बसून ऐकायची. तू फार पुढे पळायचास. आप्पा वाजवता वाजवता पायाने तुझा पाय दाबायचे.

विद्यार्थ्याचं रेकॉर्डिंग पाठव, गरज पडली तर पत्त्या आणखी सारख्या करून देतो, असं तू लिहिलंस आणि त्यापुरता फोन नंबरही दिलास. क्रांतीच्या मोबाइलवरून पाठवते. तिलाच त्यातलं कळतं.

लीला


३ ऑक्टोबर २०२५

नरसू,

दसऱ्याच्या आदल्या दिवशी तुझं पत्र आलं. दोन वाक्यं. "हे वाजवणारं माणूस विशीतलं नाही. आणि दम चांगला नाही."

मोहित नाही. कधीच नव्हता.

गेल्या दिवाळीला चकल्या करायला बसले आणि सोऱ्या दाबता येईना. वाटलं पीठ घट्ट झालंय. मग कुलपात किल्ली फिरेना. मग कॉलेजच्या ग्रंथालयात निरोप समारंभ झाला, मी निवृत्त झाले ना, तिथे कुणी पुस्तक हातात दिलं ते खाली पडलं. लोकांना वाटलं, बाई भारावल्या. अंगठा आणि बोट यांच्यामधला मांसल भाग बसत गेला, तिथे आता खळगा आहे. मिरजेला दाखवलं, मग पुण्याला. सुया टोचून तपासणी केली. डॉक्टर तरुण होता, सगळा वेळ पडद्याकडे बघून बोलला. मोटर न्यूरॉनचा आजार. हात, मग दुसरा हात, पाय, गिळणं, शेवटी श्वास. क्रम मागेपुढे होतो, इतकंच. औषध नाही म्हणण्यासारखंच आहे. "पण बुद्धी शेवटपर्यंत शाबूत राहते हं," असं त्याने दिलासा म्हणून सांगितलं.

पेन चांगलं होतं. मी डाव्या हाताने लिहिते आहे. आता तोही कुरकुरतो.

खोटं का लिहिलं, तर खरं लिहिलं असतं तर तू दयेने उत्तर दिलं असतंस. मला दया नको होती, ट्युनिंग हवं होतं. हात गेला तेव्हा मी हिशेब केला की तोंड आहे, छाती आहे, बाजा सुटणार नाही. बटणाची तेवढी सोय लावायची. आणि तू लावलीस. पहिले पंधरा दिवस मी खरंच शिकत होते, नरसू. बारा सूर. सकाळी उठून पाढे म्हणावेत तशी भोकं घोकत होते. वयाच्या एकसष्टाव्या वर्षी कोऱ्या पाटीवर.

मग दोन ओळी वाजवल्या की थांबावं लागायला लागलं. आता एका ओळीत दोनदा. पाठीवर सपाट झोपलं तर गुदमरतं म्हणून खुर्चीत झोपते. तू रेकॉर्डिंगमध्ये ऐकलंस ते हेच.

बघ कसं आहे ते. पापण्या काढल्या तर हात लागत नाही, पण दम जास्त लागतो. पापण्या ठेवल्या तर दम पुरतो, पण हात लागतो. माझं दोन्ही एकदमच चाललंय. हातही नको आणि दमही नको असा बाजा तुझ्याकडे असेल तर सांग.

आणखी एक. आप्पांच्या बाबतीत, थोरली लेक म्हणून, मी जे केलं ते बरोबर केलं असं मला आजही वाटतं. दवाखान्यात ते यंत्रावर होते, तू म्हैसूरहून निघाला होतास, आणि तू पोचायच्या आत मी त्यांना यंत्रावरून काढून घरी आणलं. तू म्हणालास, वाट बघायला हवी होतीस. मी म्हणते, नाही. हे आत्ताच स्पष्ट लिहिते, नाहीतर तुला वाटेल आजाराने बाई मऊ पडली आणि आता माफी मागेल.

लीला


२४ नोव्हेंबर २०२५

नरसू,

मी मागितला नव्हता तो दुसरा बाजा पोचला. चिठ्ठीत लिहिलंस: "अक्का, ग आणि नि उतरवलेत. पापण्या परत बसवल्यात. भीमपलासपुरता आहे. बटण काढून भोक बुजवलंय."

हे पत्र मी तीन बैठकांत लिहिते आहे, म्हणून अक्षर तीन माणसांचं वाटेल.

चिठ्ठी वाचली. जुलैत तू मला दोन वर्षं दिली होतीस. आता ती परत घेतलीस आणि एक राग हातात ठेवलास. रागावले नाही. पुण्याच्या डॉक्टरने इतकं सरळ सांगितलं नव्हतं. तो 'बघू', 'प्रत्येकाचं वेगळं असतं' असं म्हणत राहिला. तू पत्त्या घासून सांगितलंस.

बाजा मला धरता येत नाही. क्रांती समोर बसते आणि माझ्या तोंडापुढे धरते. पहिल्यांदा तिने पेरूची फोड धरावी तसा धरला. मी म्हटलं, अगं, मी सरकू शकत नाही, बाजा सरकायला हवा. "मग सांगा की कुठं सरकवू. मी धरतो, तुमी फुका." आता तिला भोकं पाठ झाली आहेत. मी डोळ्याने खूण करते, ती सरकवते. तिचा नवरा यशराज दारात उभा राहून म्हणाला, "ह्यो बाजा नक्की वाजवतंय कोण म्हणायचं?" क्रांती म्हणाली, "दोघी. तुमी जावा."

भीमपलास वाजला. सबंध नाही, पण चाल ओळखू येण्याइतका. पापण्यांमुळे थोड्या हवेत सूर बोलतो. मींड गेली, म वरून ग वर घसरता येत नाही, पायरी उतरावी तसं उतरावं लागतं. क्रांतीला त्यातलं काही कळत नाही. पण वाजवून झाल्यावर ती उठली नाही, तशीच बाजा धरून बसली. म्हणाली, "लई एकटं वाटतंय हे ऐकून."

आता खरं काम. दम आणखी गेला की इथले डॉक्टर गळ्याला भोक पाडून यंत्र लावायचं विचारणार आहेत. त्या यंत्रावर माणूस वर्षानुवर्षं राहू शकतं. हात नाही, पाय नाही, आवाज नाही, डोळे तेवढे हलतात. बुद्धी शाबूत. मला ते नको. तसं आधी लिहून ठेवता येतं, कायद्याने चालतं. साक्षीदार आहेत, यशराज आणि ग्रंथालयातल्या वर्षाराणी बाई. पण माझं बोलणं बंद झाल्यावर डॉक्टरांनी ज्याला विचारावं असं जवळच्या माणसाचं एक नाव त्यात लागतं.

तुझं नाव घालू का?

तू नाही म्हणशील असं धरूनच लिहिते आहे. पण तुला न विचारताच तू नाही म्हणशील हे ठरवणं बरं नव्हे. तेवढं मी शिकले.

अक्का


१८ डिसेंबर २०२५

नरसू,

लिहिणारी क्रांती आहे. सांगणारी मी.

तू म्हणतोस, दुकान बंद करून येतो, यंत्र लावू, मी रात्रंदिवस शेजारी बसेन, तुला काही कमी पडू देणार नाही, पण यंत्राला नाही म्हणायचं काम मला सांगू नकोस. एकदा पोरकं केलंस, आता दुसऱ्यांदा ते माझ्या हातून करवून घेऊ नकोस, हेही तुझंच.

तू शेजारी बसशील. मी छताकडे बघेन. माशी बसली तर ती उडवायला तुझं लक्ष जाईपर्यंत वाट बघेन. तू वर्तमानपत्र वाचून दाखवशील. हे किती वर्षं? तू दमशील, मग माझ्यावर चिडशील, मग चिडल्याबद्दल रडशील, आणि मला दिसत राहील. आप्पांना त्या यंत्रावर मी रोज बघितलं. तू फोनवर ऐकलंस. म्हणून यंत्र म्हटलं की तुला आशा वाटते आणि मला त्यांच्या ओठांच्या कोपऱ्यातली ती चिरलेली जखम दिसते, नळीने पडलेली.

यंत्र नको हे डॉक्टरांना सांगायचं नसेल तर येऊ नकोस. नुसतं बसायला येऊ नकोस.

बाजाचं विचारलंस. ओढीचे सूर गेले. आत ओढायची ताकद आधी जाते, असं दिसतंय. रे, म, ध, नि गेले. फुंकरीचे राहिले, सा, कोमल ग आणि प. तेही दुपारी बरं वाटलं तर. तीन सुरांत भीमपलास होत नाही. क्रांती बाजा पुसून ठेवते रोज. मी तिला सांगितलं आता धरू नकोस.

ताईंना इथं सही करायची हाय पण त्यांना पेन धरवत न्हाय, म्हणून मी त्यांचं नाव घालतो.

लीला

मी क्रांती. हे माझं माझं लिहितो, ताईंना म्हाईत न्हाय. त्या झोपल्यात. दादा, त्या तुम्हाला येऊ नका म्हणतात पण तुमचा बाजा उशाखाली ठेवायला लावतात. बोचतो तरी काढू देत न्हाईत. तुम्ही काय ठरवायचं ते ठरवा. पण लवकर ठरवा.


२२ फेब्रुवारी २०२६

नरसू,

तुझं पत्र आलं. "नाव घाल." एवढंच.

घातलं. नोटरी घरी आले होते, भला माणूस, जिना चढून धाप लागली तर माझ्यासमोर धाप टाकायला लाजत होते. माझा अंगठा क्रांतीने शाईत बुडवून कागदावर टेकवला. एम. ए. झालेली बाई, अंगठा उठवला. वर्षाराणी बाई तोंड फिरवून उभ्या होत्या.

तोंडावर आता श्वासाला हवा पुरवणारा मुखवटा असतो, दिवसाचा बराच वेळ. तो काढून चार शब्द बोलते, मग परत लावते. क्रांती लिहिते. म्हणून हे सलग नसेल. बाजा आता अजिबात होत नाही. त्याबद्दल विचारू नकोस. दोन्ही बाजे तुझे तू घेऊन जा, त्या पत्त्या दुसऱ्या कुणाच्या कामाला येतील.

तू हो म्हणालास, तर त्या दिवशी काय झालं ते तुला सांगायला हवं. तू कधी विचारलं नाहीस, मी सांगितलं नाही. आता तुला ते उपयोगाचं आहे.

डॉक्टरांनी सकाळी सांगितलं, आप्पा परत येणार नाहीत. यंत्र चालू ठेवलं तर असेच राहतील, किती दिवस ते सांगता येत नाही. घरी न्यायचं असेल तर न्या. मग विचारलं, नेणार का? मी हो म्हटलं. ते स्वच्छ आलं. मला स्वतःलाच आश्चर्य वाटलं.

यंत्र काढून नळीला रबरी फुगा जोडला. रुग्णवाहिकेत दवाखान्याचा माणूस होता, पण मी म्हटलं फुगा मी दाबते. दाबला की त्यांची छाती वर यायची, सोडला की खाली. बिंदू चौकात गर्दी होती. ड्रायव्हर म्हणाला, ताई, सायरन लावू का? मी नको म्हटलं. कशाची घाई होती. उलट वाटत होतं आणखी गर्दी असावी. आप्पांचे डोळे अर्धवट उघडे होते. मी दाबत होते तोवर ते जिवंत होते. फुगा माझ्या उजव्या हातात होता.

घरी आणलं, पलंगावर ठेवलं. तू तेव्हा निपाणीच्या जवळपास होतास, मला फोनवर कळलं होतं. तो माणूस म्हणाला, "ताई, आता सोडा." माझी बोटं उघडेनात. त्याने शेजारी बसून एकेक बोट सोडवलं. त्याला त्याची सवय असावी, फार हळुवार केलं त्याने.

वाट का बघितली नाही ते ऐक. तू दारात आला असतास आणि म्हणाला असतास, अक्का, दाब. आणि मी दाबत राहिले असते. तू दाबला असतास, मी दाबला असता, पाळीपाळीने, दिवस उजाडेपर्यंत. तुझ्यासमोर मला ते सोडवलं नसतं. म्हणून तू यायच्या आत सोडलं. तुला निरोप घेऊ दिला नाही, हे तुझं म्हणणं खरं आहे. ते तसंच राहणार, त्याला इलाज नाही.

क्रांती लिहायची थांबली होती. तिला म्हटलं, लिही.

तुझ्या वेळी फुगा नसेल. तुला हाताने काही करावं लागणार नाही, तशी व्यवस्था मी लावली आहे. डॉक्टर इथे घरीच येतील, तुला फक्त विचारतील. चार-आठ दिवसांत निघ. फार वेळ नाही असं डॉक्टरांनी क्रांतीला बाहेर सांगितलं, ते मला आत ऐकू आलं. ती मला सांगत नाही, पण कालपासून तिने तुझी खोली झाडून ठेवली आहे. आल्यावर माझ्याशी बोलायची खटपट करू नकोस. मला उत्तर देता येणार नाही आणि तुला वाईट वाटेल. भिंतीकडच्या बाजूला बस, तिकडे मान वळते.

डॉक्टर दोनदा विचारतात. हे मला कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून तुला सांगते. एकदा खोलीत सगळ्यांसमोर विचारतात, आणि मग थोड्या वेळाने बाहेर दाराशी, एकट्याला. पहिल्यांदा बोलता येतं. दुसऱ्यांदा माझा आवाजच फुटला नाही, मी मान हलवली. ते म्हणाले, ताई, मान चालत नाही, तोंडाने सांगावं लागतं. मला तीनदा प्रयत्न करावा लागला आणि तेवढ्यात मी जवळजवळ नाही म्हणणार होते.

दुसऱ्यांदा विचारायला बोलावतील तेव्हा तू जिन्याजवळच्या माठातलं पाणी पिऊन मग बाहेर जा.

अक्का